बोटीवरून आलेले दोन डबे: परदेशी नाणी-नोटा विकताना

प्रश्न थोडक्यात असा: वडील बरीच वर्षं बोटीवर होते, नंतर कुवेतला. त्यांच्यामागे बिस्किटांचे दोन डबे भरून परदेशी नाणी राहिली आहेत, वजन साधारण साडेचार किलो. शिवाय फोटोच्या अल्बममध्ये लावलेल्या दीडेकशे नोटा. काही नाणी चांदीची वाटतात. रत्नागिरीत घरी येऊन गेलेल्या एका खरेदीदारानं सगळ्याचे मिळून १८ हजार सांगितले. द्यावं का? नाही तर कसं आणि कुठे विकावं?

आज देऊ नका. १८ हजार थोडे की फार, हे डबा उपसल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. ज्यानं न उपसता आकडा सांगितला, त्याला एक तर वरच्या थरात काहीतरी दिसलंय, नाही तर आत काहीच निघालं नाही तरी अंगावर येणार नाही असा बेताचा आकडा त्यानं धरलाय. दोन्हीत तुमचं नुकसान.

अशा डब्याला एक किंमत नसते, कारण त्यात चार वेगवेगळ्या बाजारांचा माल असतो. काही पैसा अजून चालतो किंवा बँकेत बदलून मिळतो. काही नाणी धातूच्या भावानं जातात. थोडे नग संग्राहकांना हवे असतात. उरलेला सगळा माल किलोवर जातो. वजनानं पाहिलं तर नव्वद टक्के डबा किलोवर जाणाराच असतो, पण पैसे बहुतेक वेळा आठ-दहा नगांत असतात. ठोक देणाऱ्याचे तेच आठ-दहा नग फुकट जातात.

सगळ्यात आधी: काहीही घासू नका. पितांबरी, चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख, यातलं काही नाही. देवघरातल्या तांब्यासाठी ते ठीक, पण नाण्यावर त्यानं बारीक चरे उठतात आणि जुनेपणाचा रंग जातो. पारखी माणूस दिव्याखाली एकदा फिरवून घासलेलं नाणं ओळखतो आणि तिथेच भाव निम्म्यावर येतो. चांदीवरचा काळा-निळसर थर हा मळ नसतो, तो राहू द्या. एक अपवाद आहे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातली नाणी काही वर्षांनी हिरवट आणि चिकट होतात. तो प्लास्टिकमधून सुटलेला द्राव असतो आणि तो नाणं खात राहतो. अशी नाणी शुद्ध अॅसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवून न पुसता वाळू द्यावीत. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवून हे करा, अॅसिटोन भडकन पेटतं. रबरबँड लावलेल्या गड्ड्या असतील तर ते आजच काढा. रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते आणि नोटेला कायमचा पट्टा उठतो.

आता एक जुनी चादर अंथरून देशवार ढीग करा. सालं वाचता आली नाहीत तर इथेच गाडी अडते. अरबी आकड्यांत गोल दिसतो तो शून्य नव्हे, पाच असतो. शून्य म्हणजे नुसता ठिपका. वर तोंड उघडलेली खूण सात, खाली उघडलेली आठ. इंग्रजी सातसारखा दिसतो तो सहा. साल हिजरी असेल तर त्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा: १३७० म्हणजे साधारण १९५१. काही अरबी नाण्यांवर दोन्ही सालं असतात, मग हिशेबाची गरज नाही. थायलंडच्या सालातून ५४३ वजा करा. जपानी नाण्यावर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. शोवा काळाचं असेल तर त्यात १९२५ मिळवायचे, म्हणजे शोवा ३९ हे १९६४.

साल कळलं की चांदी निवडणं सोपं, कारण बहुतेक देशांनी चांदी कधी सोडली ते ठरलेलं आहे. ब्रिटनची शिलिंग, फ्लोरिन, हाफ क्राउन ही नाणी १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदीची, १९२० ते १९४६ मध्ये ५० टक्के, आणि १९४७ पासून त्यांत चांदी अजिबात नाही. अमेरिकेचे डाइम, क्वार्टर, हाफ डॉलर १९६४ पर्यंत ९० टक्के. त्यानंतरच्या क्वार्टरचा काठ पाहिला तर मध्ये तांब्याची लाल रेघ दिसते, साल वाचायलाही नको. केनेडीचा हाफ डॉलर मात्र १९६५ ते १९७० मध्ये ४० टक्के चांदीचा आहे आणि तो हमखास किलोच्या ढिगात जातो. कॅनडा १९२० ते १९६६ मध्ये ८० टक्के. ऑस्ट्रेलिया १९४५ पर्यंत ९२.५, पुढे १९६३-६४ पर्यंत ५०. शिवाय १९६६ चं गोल ५० सेंटचं नाणं ८० टक्के. स्वित्झर्लंडचे अर्धा, एक, दोन फ्रँक १९६७ पर्यंत ८३.५ टक्के. जपानचं १०० येनचं नाणं १९५७ ते १९६६ मध्ये ६० टक्के. सौदीचा १३५४, १३६७ आणि १३७० सालचा रियाल उत्तम चांदीचा. पूर्व आफ्रिकेची शिलिंग, सिंह आणि डोंगर असलेली, मुंबई-मोंबासा फेऱ्यांमुळे कोकणातल्या घरांत बरीच सापडते. १९४६ पर्यंतच्या शिलिंगमध्ये चांदी फक्त २५ टक्के आणि १९४८ पासून शून्य.

हिशेब असा करा: वजन गुणिले चांदीचा कस. १९१८ चा हाफ क्राउन १४.१४ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी १३.०८ ग्रॅम. १९३६ चा हाफ क्राउन दिसायला जवळपास तसाच, वजनही तेच, पण चांदी ७.०७ ग्रॅम. हिशेबापुरता भाव ग्रॅमला १०० रुपये धरला तर एकाचे १,३०८ आणि दुसऱ्याचे ७०७. दोन्ही एकाच मुठीत मोजून देणारे लोक आहेत. सराफाकडे यातून घट आणि गाळणावळ वजा होते. ५० टक्क्यांच्या नाण्यांवर बट्टा जास्त लागतो आणि २५ टक्क्यांची नाणी बहुतेक सराफ घेतच नाहीत. म्हणून हलक्या कसाची नाणी नाण्यांच्या व्यापाऱ्याला आणि भारी कसाची जिथे जास्त मिळेल तिथे द्यावीत. मोडीत देण्याआधी प्रत्येक नाण्याचं साल आणि टांकसाळीचं चिन्ह एकदा तपासायलाच हवं; एखादं दुर्मीळ साल वितळवलं तर ते परत येत नाही.

रुपयापेक्षा मोठी, जाड, जड नाणी बाजूला काढा. बोटीवरच्या माणसाच्या डब्यात ही असतातच, आणि नकली मालही यांतच असतो. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा थेलर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, हे त्यातलं नेहमीचं. त्यावर साल १७८० असतं आणि ते पाहून लोकांच्या पोटात गोळा येतो. पण १७८० हे गोठवलेलं साल आहे. राणीच्या मृत्यूनंतरही तोच ठसा व्हिएन्ना, रोम, लंडन, पॅरिस अशा अनेक ठिकाणी पडत राहिला, दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीतही पडला. तेव्हा बहुतेक थेलर चांदीच्या भावाचे: वजन २८.०७ ग्रॅम, कस ०.८३३, शुद्ध चांदी २३.३९ ग्रॅम.

दुसरं ब्रिटिश ट्रेड डॉलर. हातात त्रिशूळ घेऊन उभी असलेली ब्रिटानिया एका बाजूला, चिनी आणि मलाय अक्षरं दुसऱ्या बाजूला, सालं १८९५ ते १९३५. हाँगकाँग-सिंगापूरच्या व्यापारासाठी काढलेली ही नाणी बहुतांशी मुंबईतच पडली. त्रिशुळाच्या मधल्या टोकात बारीक इंग्रजी 'बी' दिसतो, तो मुंबईचा. अस्सल नाणं २६.९५ ग्रॅमच्या आसपास भरतं, कस ०.९००. भारतीय संग्राहकांना हे हवं असतं, म्हणून नकलाही तितक्याच आहेत. अमेरिकेच्या १८७३ च्या पुढच्या ट्रेड डॉलरवर तर स्वतःचं वजन कोरलेलं असतं, ४२० ग्रेन, म्हणजे २७.२ ग्रॅम. बाजारात फिरणारे नकली नग त्याच अक्षरांसह २० ते २३ ग्रॅमचे सापडतात. जे नाणं स्वतःचं वजन सांगतं आणि काट्यावर खोटं पडतं, त्याच्यावर पुढे वेळ घालवू नका.

वजन बरोबर आलं तरी घनता तपासावी. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा काहीशे रुपयांत मिळतो. प्लास्टिकच्या लहान वाटीत पाणी घेऊन ती काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. दोरा हातातच धरायचा. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी नाण्यानं सारलं. आता नाण्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा. अमेरिकेचा १९२१ चा मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा, पाण्यात २.५९ आला तर घनता १०.३२, म्हणजे चांदी जुळली. आकडा ९ च्या खाली गेला तर निकल-तांबं किंवा पितळ. नाण्याला बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकतं, म्हणून बुडवून एकदा हलवून घ्या. लोहचुंबक फक्त लोखंड-निकलच्या नकला पकडतो. चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी, असा अर्थ काढू नये.

सोन्याचं काही निघालं तर बहुधा ब्रिटनचं सॉव्हरिन नाणं असेल: ७.९८ ग्रॅम, २२ कॅरट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम, व्यास २२ मिलिमीटर. १९१८ च्या सॉव्हरिनवर घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर बारीक इंग्रजी 'आय' असेल तर तो मुंबईत पाडलेला आहे. तो फक्त त्याच एका वर्षी पाडला गेला, त्यामुळे संग्राहक त्याला सोन्याच्या वर पैसे देतात. सॉव्हरिनच्या नकलांचं वैशिष्ट्य असं की त्यांतल्या पुष्कळ खऱ्या सोन्याच्याच आहेत, काही दशकांपूर्वी बैरुतमध्ये बनलेल्या. सराफाच्या यंत्रावर सोनं बरोबर येतं. नाणं म्हणून जास्तीचे पैसे मात्र मिळत नाहीत.

नोटांकडे येऊ, कारण तुमच्या बाबतीत खरा पैसा बहुधा तिथे आहे. अल्बम चिकट पानांचा असेल, म्हणजे पारदर्शक पापुद्रा उचलून फोटो चिकटवायचा तसला, तर नोटा ओढून काढू नका. मागचा कागदाचा थर पानाला चिकटून राहतो आणि नोट पातळ होते. सुटत नसेल तर पान कापून नोटेसकट व्यापाऱ्याला दाखवा. सेलोटेप, लॅमिनेशन, इस्त्री, सगळं वर्ज्य. इस्त्री केलेली नोट सरळ दिसते, पण छपाईचा जो उठाव बोटाला लागतो तो चपटा होतो आणि घड्यांच्या रेघा तिरप्या उजेडात तरीही दिसतात.

नोटेची प्रत घड्यांवर ठरते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ आडवा धरून नोट फिरवा. एकही घडी, एकही दुमडलेला कोपरा नाही ती कोरी. मधोमध एक हलकी घडी आली की ती कोरी राहत नाही. तीन-चार घड्या, पण कागद कडक आणि रंग ताजा, ही मधली प्रत. मऊ पडलेली, कडा फाटलेली, पिनांची भोकं असलेली ती खालची. सर्वसाधारण नोटेच्या बाबतीत कोरी आणि मऊ पडलेली यांच्या भावात पाच-दहा पटींचा फरक सहज पडतो. दुर्मीळ नोट खालच्या प्रतीतही विकली जाते. सामान्य नोट खालच्या प्रतीत कुणी घेत नाही.

कुवेत आणि आखात म्हटल्यावर आधी एक गोष्ट शोधा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातात चालवण्यासाठी वेगळ्या रंगाच्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या, सोन्याच्या तस्करीला आळा बसावा म्हणून. त्या दिसायला भारतीयच, पण एक आणि दहाची लाल, पाचची केशरी, शंभरची हिरवी, आणि नंबराच्या आधी इंग्रजी 'झेड'. हज यात्रेकरूंसाठीच्या नोटा आणखी वेगळ्या: दहाची निळी, शंभरची लाल, त्यावर 'हज' असं छापलेलं आणि नंबर 'एचए' नं सुरू होणारा. 'ही तर आपलीच जुनी नोट, रंग उडालेली' असं समजून या बाजूला टाकल्या जातात. यांतली एक जरी निघाली तरी ती दुकानात नाही, लिलावातच द्यायची, कितीही मळलेली असली तरी. कुवेतनं १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला आणि १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर बाकीच्या बहुतेकांनीही रुपया सोडला.

त्यानंतरची दोन नावं लक्षात ठेवा. कुवेतच्या १९६१ च्या पहिल्या मालिकेवर शेख अब्दुल्ला यांचं चित्र आहे. आणि 'कतार व दुबई करन्सी बोर्ड' च्या १९६६ च्या नोटांवर शिडाचं गलबत, तेलविहिरीचा मनोरा आणि खजुराचं झाड. या दोन्हींना आज आखाती देशांतलेच श्रीमंत संग्राहक शोधत असतात. उलट कुवेतच्या १९८० च्या दशकातल्या नोटा कोऱ्या करकरीत असल्या तरी हुरळून जाऊ नका. इराकी आक्रमणात त्यांचा मोठा साठा लुटला गेला, कुवेतनं १९९१ मध्ये ती मालिकाच रद्द केली, आणि तोच लुटीचा माल पुढे संग्राहकांच्या बाजारात स्वस्तात वाहत आला. तुमच्या वडिलांच्या पगारातली नोट असली तरी भाव त्याच मालाचा. सद्दामच्या चित्राचे इराकी दिनारही तसेच, गड्डीनं मिळतात.

गोव्याच्या बाजूचं काही असेल तर तेही वेगळं काढा. बँको नॅसिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या १९५९ च्या नोटांवर ३०, ६०, ३००, ६०० एस्कुदो असे विचित्र आकडे दिसतात, कारण सहा एस्कुदो म्हणजे एक रुपिया असं गणित होतं: ३० म्हणजे पाच रुपिया, ६० म्हणजे दहा. त्याआधीच्या रुपियातल्या नोटा आणखी चांगल्या. भारतात परदेशी मालापेक्षा भारताशी नातं असलेल्या परदेशी मालाला गिऱ्हाईक जास्त, हे पूर्ण विक्रीभर लक्षात असू द्या. सेशेल्सची १९६८ ते १९७३ च्या दरम्यानची ५० रुपयांची नोट मात्र जगभर खपते. राणी एलिझाबेथच्या शेजारच्या माडाच्या झावळ्यांत तीन अक्षरी एक इंग्रजी शब्द दिसतो, जो सरकारी नोटेवर असायला नको. बोटीवरच्या लोकांनी ती त्याचसाठी जपून ठेवलेली असते.

आणि ज्यांच्यावर आशा ठेवू नये अशा: जपाननं महायुद्धात व्यापलेल्या प्रदेशात छापलेल्या नोटा (नंबराऐवजी अक्षरं, ब्रह्मदेशाला 'बी' नं सुरू होणारी, मलायाला 'एम' नं), १९२३ च्या जर्मनीच्या लाख-कोटी मार्कांच्या नोटा, युगोस्लाव्हियाची ५०० अब्ज दिनारची. ब्रह्मदेश-मलायात गेलेल्या सैनिकांच्या घरांत पहिल्या प्रकारच्या गड्ड्या सापडतात. झिंबाब्वेची १०० ट्रिलियनची नोट खरी असेल तर तिला बऱ्यापैकी भाव आहे, पण तिच्या सोनेरी रंगाच्या शोभेच्या नकलाच जास्त दिसतात.

चालू पैशाचं वेगळं. अमेरिकन डॉलर कधीच रद्द होत नाही, जुन्या चेहऱ्याचाही. इथले काही विनिमयदार जुनी शंभरी घ्यायला कां-कूं करतात, तेव्हा दुसरीकडे विचारा. बँक ऑफ इंग्लंड आपली कोणतीही जुनी नोट दर्शनी किमतीला कायम बदलून देते, पण भारतातला विनिमयदार कागदी २० किंवा ५० पौंड घेणार नाही, कारण त्या ३० सप्टेंबर २०२२ ला चलनातून गेल्या. जर्मन मार्क, नोटा आणि नाणी दोन्ही, बुंडेसबँक (जर्मनीची मध्यवर्ती बँक) १.९५५८३ मार्काला एक युरो या दरानं मुदतीशिवाय बदलते. १०० मार्कांचे ५१.१३ युरो. ऑस्ट्रियन शिलिंगचंही तसंच, आयरिश पौंडाचंही. बेल्जियमच्या फक्त नोटा. हॉलंडच्या गिल्डर नोटांना १ जानेवारी २०३२ पर्यंत मुदत. फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल यांची दारं बंद झाली आहेत. लिरांची जाडजूड गड्डी आता फक्त संग्राहकाची. पुतण्या म्युनिकला किंवा भाची लंडनला असेल तर तिथल्या तिथे बदलून घेणं सर्वांत सोपं. मात्र बदलण्याआधी नोटेची संग्राहकी किंमत एकदा पाहाच. १९५० च्या दशकातली कोरी नोट दर्शनी किमतीला देणं हा तोटा आहे.

कायद्याचं जेवढं लागतं तेवढं. परदेशी नाणी बाळगायला मर्यादा नाही. चालणाऱ्या परदेशी नोटा निवासी भारतीयाला २,००० डॉलरइतक्या मूल्यापर्यंत ठेवता येतात. त्यावरच्या बँकेत किंवा अधिकृत विनिमयदाराकडे द्याव्या लागतात. चालू डॉलर-युरो शेजाऱ्याला किंवा नाण्यांच्या दुकानात विकणं नियमात बसत नाही. दुसरी बाब लोकांना ठाऊक नसते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात १०० वर्षं पूर्ण झालेली वस्तू पुरावशेष ठरते, त्या व्याख्येत नाणं स्पष्ट शब्दांत आहे, आणि ते भारतीयच असावं असं तिथे म्हटलेलं नाही. म्हणून १८८५ चा अमेरिकन डॉलर परदेशातल्या संकेतस्थळावर विकून पाकिटातून पाठवणं अंगाशी येऊ शकतं. देशात विकायला अडचण नाही. बहुतेक कुरिअरच्या अटींत नोटा-नाणी बसत नाहीत आणि पाकीट हरवलं तर विमा मिळत नाही, तेव्हा महाग नग हातोहात द्या.

भाव पाहताना मागितलेली किंमत नाही, विकली गेलेली किंमत पाहा. परदेशी संकेतस्थळांवर विकलेल्या वस्तूंची वेगळी गाळणी असते, ती लावा. नाण्याला 'केएम' आणि नोटेला 'पिक' असा कॅटलॉग क्रमांक असतो. आपल्या यादीत तो लिहिला की व्यापारी बोलण्याचा सूर बदलतो. यादीत देश, किंमत, साल, क्रमांक, वजन, आणि खिडकीजवळच्या उजेडात, प्लास्टिकमधून नव्हे, काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो. वरच्या पंधरा-वीस नगांपुरतीच ही मेहनत करा, साडेचार किलोची करू नका.

मग मुंबई किंवा पुणे. मुंबईत फोर्ट भागात नाण्यांचे जुने व्यापारी आहेत. पुण्यात आणि मुंबईत दरवर्षी नाण्यांची प्रदर्शनं भरतात; तिथे एका छताखाली दहा-वीस व्यापारी भेटतात आणि एकाच दिवशी तीन भाव घेता येतात. व्यापारी स्वतः ज्या किमतीला विकणार त्याच्या साधारण निम्मे तुम्हाला देतो. पटकन खपणाऱ्याला जास्त, पडून राहणाऱ्याला तिसरा हिस्सा. यात लबाडी नाही, त्याचं भांडवल अडकतं. लबाडी असते ती वेचून घेण्यात: 'हे चार घेतो, बाकी तुम्हाला ठेवा.' म्हणून चांगल्या नगांना प्रत्येकी भाव विचारा, लिहून घ्या, आणि त्यांचा सौदा पूर्ण होईपर्यंत बाकीचा माल पिशवीतून काढू नका.

लिलाव फक्त चांगल्या नगांसाठी. मुंबईत टोडीवाला, ओसवाल, राजगोर, बंगळूरला मरुधर आर्ट्स अशी नावं आहेत. त्यांचा भर भारतीय नाण्यांवर असतो, त्यामुळे आखाती नोटा, मुंबईचे ट्रेड डॉलर, पोर्तुगीज गोवा हे तिथे चालतं; स्वीडनचा क्रोना नाही. देताना तीन गोष्टी लेखी घ्या: विक्रेत्याकडून घेण्याचं कमिशन आणि त्यावरचा कर, किमान राखीव किंमत, आणि पैसे किती दिवसांत. न विकलेला नग परत आणण्याचा खर्च कुणाचा, हेही विचारा. नोटेच्या कोपऱ्यातला नंबर पावतीवर आलाच पाहिजे. परदेशी कंपनीकडून प्रत ठरवून सीलबंद करून घेणं महाग नगालाच परवडतं. चार हजारांच्या नोटेला त्या वाटेनं पाठवणं म्हणजे पाच रुपयांच्या कोंबडीला दहाचा मसाला.

ऑनलाइन जाहिरात टाकलीत तर पहिल्या तासाभरात फोन येईल: 'सगळं घेतो, लाखो देतो, आधी नोंदणी शुल्क भरा', कधी जीएसटी, कधी रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की ती अशा व्यवहारात नसते आणि कुणाला शुल्क घ्यायचा अधिकारही तिनं दिलेला नाही. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. टाकायला सांगितला की फोन ठेवा. खऱ्या गिऱ्हाइकाकडून पैसे खात्यात जमा झाल्यावरच माल हातातून सोडा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानं बंद आहे. वारशानं आलेल्या वस्तूची रक्कम मोठी होत असेल तर करासाठी तुमच्या सीएला यादी आणि बिलं दाखवा. वडिलांनी घेतल्याची किंमत आणि त्यांचा काळही हिशेबात धरला जातो.

राहिला किलोचा ढीग. वजन करण्याआधी त्यातून युरोची सगळी नाणी, बारा बाजूंचा नवा ब्रिटिश पौंड आणि स्वित्झर्लंडची निकलची नाणी काढून ठेवा. ती चालतात, स्वित्झर्लंडचं १० राप्पेन तर १८७९ पासूनचंही चालतं. विनिमयदार नाणी घेत नाही, पण तिकडे जाणाऱ्या कुणाच्याही खिशात ती चालतील. उरलेली नाणी देशवार पुरचुंड्या करून दिली तर किलोचा दर थोडा जास्त मिळतो, कारण नव्या पोरांना विकताना व्यापाऱ्याला निवडत बसावं लागत नाही. अॅल्युमिनियमची नाणी मात्र किलोत टाकू नका. एका किलोत ती ढीगभर बसतात आणि तुम्हाला पैसे वजनाचे मिळतात. ती नगावर मोजून द्या. डबे रिकामे करून वजन करायला सांगा.